चहापेक्षा किटली गरम? पीसी गेमचे लाँचर : सोय की डोकेदुखी



'माझा आवडता छंद' हा निबंध आपण सगळेच वर्षानुवर्षं लिहून घेत आलोय. पूर्वी त्यात क्रिकेट, पतंग, जुनी नाणी, पोस्टाची तिकिटं यायची. आता नववीच्या एका वर्गात दहा-बारा वह्यांमध्ये तरी कॉम्प्युटर गेम येतो. यंदा एका वहीत असं वाक्य सापडलं : "गेम खेळायला पाच मिनिटं मिळतात, कारण आधी एक लाँचर उघडतो, मग तो दुसरा लाँचर उघडतो, मग अपडेट होतो, आणि तेवढ्यात आई म्हणते तुझा अर्धा तास संपला." शुद्धलेखनाचे दोन गुण कापले, पण तक्रार मात्र शंभर टक्के खरी होती.

पुढच्या पालकसभेत हा विषय सहज काढला, तर निम्म्या पालकांना लाँचर म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. गेमचे पैसे मात्र त्यांच्याच यूपीआयमधून गेले होते. म्हणून आज हा विषय जरा सविस्तर पाहूया.

लाँचर म्हणजे नेमकं काय?

ज्यांनी २००३-०४ च्या सुमारास सायबर कॅफे पाहिलेत, त्यांना 'व्हाइस सिटी' आणि 'काउंटर स्ट्राइक' आठवत असतील. सीडी घालायची, गेम टाकायचा, डेस्कटॉपवरच्या चित्रावर दोनदा क्लिक केलं की गेम सुरू. मधे कोणी नाही. सीडी तुमच्या हातात, मित्राला द्या, नाहीतर कपाटात ठेवा.

आज पीसीचा गेम आपण बहुतेक वेळा इंटरनेटवरूनच घेतो. पैसे भरले की तो गेम आपल्या खात्यात जमा होतो. मग तो उतरवून घेणं, अपडेट करणं, 'हा याच माणसाने विकत घेतलाय ना?' हे तपासणं आणि शेवटी चालू करणं, ही सगळी कामं करणारा जो प्रोग्राम असतो, तो लाँचर. स्टीम, एपिक गेम्स, युबिसॉफ्ट कनेक्ट, ईए अ‍ॅप, बॅटल डॉट नेट, रॉकस्टार गेम्स लाँचर ही त्यातली ठळक नावं.

पालकांना मी प्ले स्टोअरचं उदाहरण देते, पण ते अर्धंच लागू पडतं. मोबाइलवर अ‍ॅप एकदा उतरवलं की पुढे प्ले स्टोअर मधे येत नाही. लाँचर मात्र दर वेळी दारात उभा असतो. दुकानदाराने सायकल विकली, आणि रोज सकाळी ती बाहेर काढताना तोच फाटकाशी येऊन पावती मागतो, असा काहीसा प्रकार.

हे सुरू कुठून झालं?

अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह या कंपनीने १२ सप्टेंबर २००३ रोजी स्टीम आणलं. कारण अगदी साधं होतं. त्यांचा 'काउंटर स्ट्राइक' इंटरनेटवर खेळला जायचा. त्यात सुधारणा केली की लाखो खेळाडूंनी ती स्वतः शोधून, उतरवून घ्यायची. काहींकडे नवी आवृत्ती, काहींकडे जुनी, मग एकमेकांशी खेळताच येईना. फसवाफसवी करणारे वेगळेच. यावर उपाय म्हणून स्वतःहून अपडेट करणारा एक प्रोग्राम.

नोव्हेंबर २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २' आला, तेव्हा दुकानातून डिस्क विकत घेतलेल्यांनाही स्टीमवर खातं काढणं सक्तीचं झालं. त्या वेळी खेळाडूंनी स्टीमला अक्षरशः शिव्या घातल्या. विकत घेतलेली वस्तू उघडायला परवानगी कशाला, हा प्रश्न तेव्हाचाच आहे. आज गंमत अशी की तेच स्टीम बहुतेकांना आवडतं आणि राग निघतो तो नंतर आलेल्या लाँचरांवर.

सोय आहे, हे मान्य करायलाच हवं

आता आपल्या सोलापूरच्याच परिस्थितीत बघा. मोठा गेम आज शंभर जीबीच्या पुढे जातो. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबी डेटावर तो उतरवायचा म्हटलं तर पन्नास दिवस लागतील. घरी फायबर असलं तरी मे महिन्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. ब्राउझरमधून एवढी मोठी फाइल घेताना मधेच लाइट गेली तर पुष्कळदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. लाँचर मात्र जिथे थांबला तिथून पुढे सुरू करतो. स्टीममध्ये तर उतरवलेल्या फाइलींची बॅकअप प्रत काढता येते, आणि एकाच घरातल्या वायफायवर एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर गेम पाठवताही येतो. नेटचा एक थेंब खर्च न होता! (गेम प्रत्येकाच्या खात्यात असायला हवा, हे आलंच.)

दुसरी सोय क्लाउड सेव्हची. हार्ड डिस्क गेली, कॉम्प्युटर बदलला, तरी मुलाने जिथपर्यंत खेळलेलं असतं ते बऱ्याच गेममध्ये टिकून राहतं. आपल्याला हे किरकोळ वाटतं. पण चाळीस तास घालवून उभं केलेलं गाव पुसलं गेलं की बारा वर्षांचं पोर कसं रडतं, ते ज्या आईबापांनी पाहिलंय त्यांना विचारा.

तिसरी गोष्ट पैसे परत मिळण्याची. स्टीमवर घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल, तर मागितल्यावर पैसे परत मिळतात. ही सोय २०१५ पासून आहे. त्याच वर्षी भारतीय रुपयात किमतीही दिसू लागल्या. त्याआधी डॉलरचा हिशेब आणि क्रेडिट कार्ड, म्हणजे आपल्यासारख्यांना दारच बंद होतं. सीडीच्या काळात पाकीट फोडलं की दुकानदार परत घेत नसे, हे लक्षात घेतलं तर ही सुधारणा मोठी आहे.

आणि एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संचाने 'राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक' हा गेम बनवला. भावाच्या शोधात निघालेली एक भारतीय मुलगी ही त्याची नायिका. २०२० मध्ये तो स्टीम आणि एपिकच्या दुकानांतून पीसीवर आला. सीडी छापून, खोक्यात भरून, जर्मनी-जपानच्या दुकानांत पोहोचवणं पुण्यातल्या मूठभर लोकांना जमलं असतं का? स्टीम यासाठी विक्रीतला साधारण ३० टक्के वाटा घेतं, एपिक त्याहून कमी. वाटा जास्त की कमी यावर वाद आहेत, पण वाट तयार झाली हे नाकारता येत नाही. वर्गातल्या ज्या मुलाला गेम खेळण्यापेक्षा बनवण्यात रस आहे, त्याला हे उदाहरण आवर्जून सांगावं.

मग डोकेदुखी कुठे सुरू होते?

माझं मत विचाराल तर पहिला लाँचर सोय असते आणि दुसरा डोकेदुखी.

स्टीमचं यश पाहून प्रत्येक मोठ्या कंपनीला वाटलं, आपलंही दुकान हवं. ईएने २०११ मध्ये ओरिजिन काढलं, २०२२ मध्ये त्याच्या जागी ईए अ‍ॅप आणलं. युबिसॉफ्टचं युप्ले २०२० मध्ये युबिसॉफ्ट कनेक्ट झालं. डिसेंबर २०१८ मध्ये एपिकचं दुकान उघडलं, सप्टेंबर २०१९ मध्ये रॉकस्टारचा लाँचर आला. बेथेस्डाचा लाँचर आला तसा २०२२ मध्ये बंदही झाला आणि लोकांना आपले गेम स्टीमवर हलवावे लागले. एक ना धड, भाराभर चिंध्या, असं झालं सगळं.

यातला खरा त्रास कसा होतो ते एका उदाहरणावरून कळेल. मे २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या ऐन मध्यावर, एपिकने 'जीटीए ५' काही दिवस फुकट दिला. गर्दी एवढी झाली की त्यांचं दुकानच काही काळ कोलमडलं. आपल्याकडच्या कितीतरी मुलांचं एपिकवरचं पहिलं खातं तेव्हाचं आहे. (तो गेम अठरा वर्षांवरील लोकांसाठी आहे, ही गोष्ट त्या गडबडीत कोणी वाचली नाही. पालकांनी आता तरी वाचावी.) गेम मिळाला एपिकवर, पण उघडायला रॉकस्टारचा लाँचर लागतो. म्हणजे आधी एपिकचं खातं, पासवर्ड, अपडेट, मग रॉकस्टारचं खातं, पासवर्ड, अपडेट, आणि मग गेम. स्टीमवर घेतला तरी तेच. युबिसॉफ्टचे आणि ईएचे बरेचसे गेमही असेच, एका दुकानातून घेऊन दुसऱ्याच्या दारातून आत जायचं. या दुसऱ्या लाँचरकडून खेळणाऱ्याला काय मिळतं? बहुतेक वेळा काही नाही. कंपनीला मात्र गिऱ्हाइकाचा ईमेल, त्याच्या सवयींची माहिती आणि जाहिरातीला जागा मिळते. गेम राहिला बाजूला आणि लाँचरचाच तोरा. चहापेक्षा किटली गरम म्हणतात ती हीच.

जुन्या कॉम्प्युटरवर तर हा भार जाणवतोच. आजच्या लाँचरांच्या पोटात बहुधा एक अख्खा वेब ब्राउझर असतो, दुकानाची पानं दाखवायला. चार जीबी रॅमच्या मशीनवर असे दोन-तीन लाँचर एकदम उघडे राहिले की गेमला श्वास घ्यायला जागा उरत नाही. वर यातले बरेचसे विंडोज सुरू होताच आपणहून जागे होतात. मुलाने गेम न खेळताही 'कॉम्प्युटर फार स्लो झालाय' अशी तक्रार असेल, तर टास्क मॅनेजर उघडून स्टार्टअपची यादी बघा आणि तिथे लाँचर बंद करा. गेम त्यामुळे जात नाहीत, फक्त कॉम्प्युटर चालू करताना ते मधे येत नाहीत.

आणखी एक अडचण अशी आहे की तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज ७ आणि विंडोज ८ चा पाठिंबा बंद केला. सुरक्षेच्या दृष्टीने कारण बरोबर आहे, कारण मायक्रोसॉफ्टनेच ते विंडोज सोडून दिलं होतं. पण परिणाम बघा. २००४ सालचा गेम, तो चालवू शकणारा जुना कॉम्प्युटर, दोन्ही जागच्या जागी आहेत. बदलला तो फक्त मधला दरवान. ज्या घरात मोठ्या भावाचा जुना पीसी धाकट्याकडे येतो, त्या घरांना हा फटका बसतो.

लाँचरशिवाय चालतच नाही, हे मात्र खरं नाही. पोलंडमधलं जीओजी हे दुकान २००८ पासून गेमची साधी इन्स्टॉल फाइल देतं. ती उतरवा, पेनड्राइव्हवर ठेवा, नेट नसताना टाका. त्यांचाही गॅलक्सी नावाचा लाँचर आहे, पण तो हवा असेल तर घ्यायचा. सक्ती ही तांत्रिक गरज नसून कंपनीची निवड आहे, हे या एका दुकानावरून सिद्ध होतं.

खरा प्रश्न खात्याचा

वेळ जातो, कॉम्प्युटर स्लो होतो, हे त्रास खरे असले तरी सोसण्यासारखे आहेत. मला जास्त काळजी वाटते ती खात्याची.

आमच्या शाळेतल्या एका मुलाची गोष्ट सांगते. वडील टॉवेलच्या कारखान्यात. पोराने वर्षभर साठवलेल्या पैशातून सेलमध्ये एक गेम घेतला. दुकानाचं खातं वडिलांच्या ईमेलवर होतं, ते ठीक. पण गेम उघडल्यावर दुसऱ्या कंपनीच्या लाँचरने खातं मागितलं, तेव्हा शेजारी बसलेल्या मामेभावाने स्वतःचा ईमेल टाकून दिला. "होऊ दे की चालू आधी!" पुढे मामेभाऊ नोकरीला पुण्याला गेला, ईमेलचा पासवर्ड विसरला, सिमकार्डही बदललं. इकडे लाँचरने एक दिवस परत कोड मागितला. कोड जाणार कुठे? दुकानात गेम दिसतोय, पैसे भरल्याची पावती आहे, पण गेम उघडत नाही, कारण तो आता त्या दुसऱ्या खात्याला बांधला गेलाय आणि नवीन खात्याला जोडता येत नाही. मदत केंद्राला तीन वेळा लिहिलं, तिन्ही वेळा ठरीव उत्तर आलं. पोरगं मला म्हणालं, "मॅडम, माझाच आहे ना गेम?"

याचं प्रामाणिक उत्तर ऐकायला कडू आहे. आपण विकत घेतो ती वस्तू नसते, ती वापरण्याची परवानगी असते, आणि ती परवानगी खात्याला चिकटलेली असते. हे काही मी माझ्या मनाचं सांगत नाही. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा करून दुकानांना हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला लावलं, आणि त्याच वर्षी स्टीमच्या पैसे भरण्याच्या पानावर 'तुम्हाला परवाना मिळतो' अशी ओळ दिसू लागली. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा २०१४ चा गेम. मार्च २०२४ अखेर त्याचे सर्व्हर बंद झाले, आणि पैसे देऊन घेतलेल्यांना एकट्याने खेळायचीही सोय उरली नाही. त्यातून युरोपात मोठी मोहीम उभी राहिली आणि दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या.

'माइनक्राफ्ट' तर आपल्या शिक्षकांच्या ओळखीचा, त्याची शाळांसाठी वेगळी आवृत्तीसुद्धा आहे. तो बनवणारी मोजांग कंपनी मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये घेतली. पुढे जुन्या मोजांग खात्यांवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर जायला सांगितलं गेलं, आणि १९ सप्टेंबर २०२३ ही शेवटची तारीख होती. बरीच वर्षं आधी सूचना दिल्या होत्या, हे खरं. पण सूचना जातात ईमेलवर, आणि दहा वर्षांच्या मुलाने काढलेला ईमेल कोण उघडून बघतं? ज्यांनी खातं बदललं नाही त्यांचा विकत घेतलेला गेम गेला.

पालकांनी काय बघावं

खातं काढताना ईमेल आणि मोबाइल नंबर घरातल्या मोठ्या माणसाचाच द्यावा, असा नंबर की जो पुढची दहा वर्षं बदलणार नाही. दुसऱ्या लाँचरलाही तोच. पासवर्ड वेगवेगळे, आणि ते वहीच्या मागच्या पानावर लिहू नयेत, ती वही आम्ही तपासायला घेतो! कोड विचारणारी दुहेरी सुरक्षा चालू ठेवावी, कारण 'माझ्या टीमला मत दे', 'फुकट स्किन मिळेल' अशा लिंक पाठवून खाती पळवणारे टपून बसलेले असतात. पैसे भरल्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात, खातं परत मिळवायची वेळ आली तर तोच पुरावा.

स्टीमवर तेरा वर्षांखालच्या मुलांना खातं काढता येत नाही. मुलं जन्मतारीख बिनधास्त १ जानेवारी १९९० टाकतात, आणि मग सगळ्या वयाचे गेम त्यांच्यासमोर उघडे. त्यापेक्षा स्टीम फॅमिलीज ही २०२४ पासूनची सोय वापरा. एका घरातले सहा जणांपर्यंत त्यात येतात. कोणते गेम चालतील, रोज किती वेळ, हे पालक ठरवू शकतात, आणि मुलाने काही घ्यायचं ठरवलं तर परवानगी तुमच्याकडे येते. एक खाचखळगा मात्र आहे : मुलाने तुमचा गेम खेळताना फसवाफसवी केली आणि बंदी आली, तर ती तुमच्या खात्यावरही येते. आणि कुटुंबातून बाहेर पडलं की ती जागा वर्षापर्यंत अडून राहू शकते, तेव्हा गल्लीतल्या मित्राला उगाच 'कुटुंबात' घेऊ देऊ नका.

'आता तर गेमवर बंदी आली ना?' असं एक-दोन पालकांनी विचारलं. ऑगस्ट २०२५ मधला केंद्राचा कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आहे. दुकानातून किंमत देऊन घेतलेला साधा गेम त्यात येत नाही.

लाँचरच्या कटकटीला वैतागून मुलं 'लाँचर नसलेला' म्हणून जो गेम पेनड्राइव्हवर आणतात, त्याबद्दलही सांगायला हवं. तो चोरीचा असतोच, शिवाय तो टाकताना 'अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना बरोबर येते. ज्या कॉम्प्युटरवर वडील बँकेचं काम करतात, त्यावर हे करणं म्हणजे चोराच्या हाती तिजोरीची किल्ली. फुकट 'माइनक्राफ्ट' देणारे परके लाँचरही याच माळेतले. त्यात मूळ खात्याचा पासवर्ड तर कधीच टाकू नये.

शेवटी, गेम घेताना स्टीमच्या दुकानातल्या त्याच्या पानावर उजव्या बाजूला बघा. दुसऱ्या कंपनीचं खातं लागत असेल तर तिथे तसं लिहिलेलं असतं. मुलं ट्रेलर बघतात आणि ही ओळ सोडून देतात. पैसे भरण्याआधी ती एकदा मुलाकडूनच मोठ्याने वाचून घ्या. आणि घेतल्यावर गेम चालत नसेल, तर लाँचर उघडा ठेवून तासन्‌तास खटपट करत बसू नका. पैसे परत मिळण्याचे ते दोन तास 'प्ले' दाबल्यापासून मोजले जातात, मधला लाँचर नुसता उघडा असला तरी.